मिसळीचं बोलावणं

बाबा, उद्या सकाळी तुमच्या मुलाला मी मिसळ खायला बोलावलंय.

एवढं लिहिलं आणि पेन ठेवून गॅलरीत जाऊन उभी राहिले. खाली भाजीवाल्याशी कुणा बाईची हुज्जत चालली होती, कोथिंबिरीवरून. मला तिचा हेवा वाटला. माणसाला भांडायला कोथिंबीर असावी, सख्खा भाऊ नसावा. तुम्हाला खरं तर पुढचं काही सांगायची गरज नाही, त्या एका वाक्यात तुम्हाला सगळं कळलं असणार. तरी लिहिते. कागदावर उतरवलं तर मी नेमकं काय करून बसलेय ते मला तरी कळेल.

आपल्या फुटबॉल क्लबात कोचला काढायची रीत अजून तीच आहे. मीटिंगला बोलावत नाहीत, पत्र देत नाहीत, मैदानावर तर चकार शब्द काढत नाहीत. रविवारी सकाळी शनिवार पेठेतल्या त्या मिसळवाल्याकडे बोलावतात. सगळी कमिटी हजर असते. पार्किंगच्या गप्पा होतात, कुणाच्या गुडघ्याच्या होतात, आणि टेबलावरच्या सगळ्या ताटल्या रिकाम्या होईपर्यंत त्या विषयावर कुणी बोलायचं नाही. भुकेल्या माणसाला वाईट बातमी देऊ नये, असं पहिल्या कमिटीतल्या कुणाला तरी वाटलं होतं म्हणे. शेवटचा पाव संपला, पाणी पिऊन झालं, की अध्यक्ष घसा खाकरतात आणि म्हणतात, "कसं आहे..." बस्स. "कसं आहे"च्या पुढे आजवर कुठल्याच अध्यक्षाला जावं लागलेलं नाही. म्हणून तर आपला कोच आणि मिसळ हे एका वाक्यात आलं की पोरंसुद्धा गप्प होतात.

तर या वर्षी आपण बुडत आलोय, बाबा. वरच्या डिव्हिजनमधून तळाचे दोन क्लब खाली जातात. अगदी तळाशी जो आहे त्याचं कधीच आटोपलंय. दुसरी जागा आपली. आपल्या वरच्या क्लबचे आणि आपले पॉइंट सारखेच आहेत, पण गोलांच्या हिशेबात ते पुढे. शेवटचा सामना उद्या दुपारी चारला आहे. हरलो तर संपलं. नुसता ड्रॉ केला आणि ते हरले, तर आपण वाचलो. आणि ते हरणारच, कारण त्यांची गाठ पहिल्या नंबराशी आहे. म्हणजे ड्रॉ! शून्य-शून्य! एवढंच मागणं आहे माझं, कुणी ऐकत असेल तर.

खाली गेलो तर गेलो, पुढल्या वर्षी पुन्हा वर येऊ, असं तुम्ही म्हणाला असतात. तो जमाना गेला. आता मैदानावर संध्याकाळची वेळ फक्त वरच्या डिव्हिजनच्या क्लबांना मिळते. आपण घसरलो की ती वेळ पलीकडच्या ॲकॅडमीला जाणार. त्यांच्याकडे प्लास्टिकचं हिरवंगार गवत आहे, दिवे आहेत, पोरांना एकसारख्या बॅगा देतात. आपली बरी पोरं पावसाळ्याच्या आत तिकडे गेलेली असतील, आणि मी त्यांना दोष देणार नाही. मग आपल्याकडे उरणार काय? क्लबाच्या खोलीतला तुमचा फोटो, एक फाटकी जाळी आणि पायऱ्यांवर बसणारे म्हातारे.

पायऱ्यांवरची मंडळी मात्र तुमच्या वेळेसारखीच आहेत. तेव्हाचे बरेचसे गेले, पण तिथली जागा कधी रिकामी राहत नाही. विषय दोनच, आपण वाचतो का, आणि कोचला काढायचं का. परवाच्या सामन्यानंतर एक जण बोटांवर मोजून समजावत होता, "हे बघा, ते हरले, आपला ड्रॉ झाला, किंवा आपण जिंकलो आणि त्यांचा सेंटर फॉरवर्ड लग्नाला गेला, की आपण वाचलो." दुसरा म्हणाला, "मुहूर्त काढून ठेवलाय का?" मग सगळे कोचवर, आपल्या दादावर घसरले. याला काढा, नवा माणूस आणा, नवा माणूस आला की पोरं एक सामना तरी जीव खाऊन पळतात. वरच्या पायरीवर आपले रिटायर्ड पोस्टमास्तर बसलेले असतात, टोपी गुडघ्यावर ठेवून. ते म्हणाले, "कोच राहू द्या हो. आता बदलायचेच तर सगळ्यांचे पाय बदला." मी खाली उभी होते. ऐकू येत नसल्यासारखी उभी होते.

आणि या नव्या माणसाच्या वेडाला पुरावा म्हणून दर वेळी काय सांगतात, माहितीय? तुम्हाला. "यांच्या वडलांना काढलं तेव्हा नाही का वाचलो?" असं माझ्यादेखत म्हणतात. एखाद्याच्या घरी जेवायला बसून त्याच्याच आईच्या हाताला चव नाही म्हणावं, तसं.

तो रविवार मला लख्ख आठवतो. तुम्ही सकाळीच पांढरा शर्ट घातलात. आई म्हणाली, "कुठं?" तुम्ही म्हणालात, "मिसळ खाऊन येतो." आईच्या हातातलं लाटणं थांबलं. नागपूरकडचा माणूस तुम्ही, पुण्याच्या मिसळीला जन्मभर नावं ठेवली. "हे काय तर्री हाये? लाल पाणी हाये बे हे." इथे वरच्या रश्श्याला सॅम्पल म्हणतात, त्यावरून तर तुम्ही किती हसायचात, "सॅम्पल दाखवते, तर माल कुठं हाये?" तो माणूस आपण होऊन मिसळ खायला निघाला, म्हणजे काय ते आईला कळलं. मला नाही कळलं. मी आपली स्वयंपाकघराच्या फरशीवर तुरीच्या डाळीचे दाणे मांडून बसलेय. एक ओळ आपली, एक वरच्या क्लबची, एक खालच्यांची. जिंकलं की दाणे वाढवायचे, हरलं की दुसऱ्याचे वाढवायचे, आपण वाचतोय असं दिसेपर्यंत मांडामांड चालू. तुम्ही परत आलात, दारात उभे राहिलात, आणि वाकून एका हातानं माझ्या सगळ्या ओळी विस्कटून टाकल्यात. "उचल ते. वरणात टाक. बॉलले डाळ मोजता येते का?" फुटबॉलवरून तुम्ही माझ्यावर ओरडलात ते तेवढं एकदाच. ज्या माणसानं कारखान्यातले चामड्याचे हातमोजे उसवून, पुन्हा शिवून मला गोलकीपरचे मोजे करून दिले, पोरगी म्हणून कधी मागे ठेवलं नाही, तो माणूस डाळीवरून ओरडला. मी रडत दाणे वेचले. आई म्हणाली, आज त्यांना काही विचारू नकोस.

त्या टेबलावर काय झालं ते तुम्ही आम्हाला कधीच सांगितलं नाही. तुम्ही गेल्यावर, भेटायला आलेल्या एका जुन्या मेंबरांनी सांगितलं. म्हणाले, तुमच्या बाबांनी भराभरा खाल्लं, ताटली पावानं पुसून लख्ख केली, पुढे सरकवली आणि म्हणाले, "बोला जी आता, मी मोकळा हाये." अध्यक्षांना "कसं आहे"सुद्धा म्हणता आलं नाही. समोरच्याला अवघड जाऊ नये म्हणून तुम्ही स्वतःच घाई केलीत. पुढच्या रविवारी तुम्ही सगळ्यात वरच्या पायरीवर जाऊन बसलात, आपण जिंकलो, वाचलो. कमिटीनं नव्या कोचला हार घातला. त्या सामन्यात लेफ्ट विंगला खेळलेले काका मला नंतर म्हणाले, "अगं, आम्ही सारखे वर बघत होतो, पायऱ्यांकडे. त्यांच्यासाठी पळालो आम्ही." आता यातलं काय खरं मानायचं? मी दोन्ही बाजूंनी विचार करून थकले.

पण वाचलेल्या क्लबाबद्दल बोलणारे तुमच्याबद्दल बोलत नाहीत. तुम्ही परत मैदानात उतरला नाहीत. संध्याकाळी घरी बसायला लागलात, रेडिओची कळ फिरवत. एक स्टेशन धड ऐकायचं नाही. आई म्हणायची, या घरी बसण्यानंच माणूस संपतोय. तेव्हा मला ते आईचं नेहमीचं बोलणं वाटायचं. आता दादाकडे बघते आणि तेच आठवतं. वहिनी गेल्यापासून त्याला मैदान सोडून दुसरं काही नाही, बाबा. दिवसभर मार्केट यार्डात ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसतो, संध्याकाळी मैदान, घरी फक्त झोपायला. परवा त्याचा फ्रीज उघडला तर पाण्याच्या बाटल्या आणि बर्फाच्या पिशव्या. बर्फ कशाला, तर पोरांच्या घोट्यांना. अहो, भाजी नाही, दूध नाही!

आणि तरी मी त्याच्या विरोधात हात वर केला.

गुरुवारी अध्यक्षांच्या घरी मीटिंग झाली, इथेच बिबवेवाडीत. दोघं म्हणाले ठेवा, दोघं म्हणाले काढा. राहिले मी, कमिटीतली पाचवी. अध्यक्ष माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, बहीण म्हणून मत देणार असाल तर आत्ताच सांगा. चहा घेऊ आणि उठू." काय बोलायची पद्धत आहे! पण खरं सांगू, दादा यंदा चुकतोय. घाबरलाय तो. दर सामन्याला नवे अकरा जण. गोलासमोर उभ्या राहणाऱ्या स्टॉपरला पुढे काढतो, मग मागे घेतो, बिचाऱ्या पोराला कळत नाही आपण कुठे उभं राहायचं ते. मी गोलात उभी राहिलेली बाई आहे, मला मागून सगळं दिसतं. मला वाटलं, क्लब तुमचा आहे. तुम्ही कामगारांची पोरं गोळा करून उभा केलेला. तो माझ्या भावाच्या प्रेमापायी बुडाला तर तुम्हाला काय तोंड दाखवू? म्हणून हात वर केला. मग प्रश्न आला, बोलावणार कोण. सगळे छताकडे बघायला लागले, पंखा पहिल्यांदाच दिसल्यासारखे. अध्यक्ष म्हणाले, "घरचंच माणूस आहे, तुमच्या तोंडून ऐकलं तर त्यांना बरं वाटेल." बरं वाटेल! कपाळ माझं. मी म्हटलं, अहो, रविवारी दुपारी सामना आहे, निदान शनिवारी उरका. तर म्हणाले, "प्रथा रविवारची आहे. सामना चारला आहे. मधे भरपूर वेळ आहे."

मी फोन केला. "दादा, रविवारी सकाळी मिसळ खायला येतोस?" पलीकडे ट्रक मागे घेतल्याचा आवाज येत होता, पीं पीं पीं. तो थांबल्यावर दादानं विचारलं,

"सगळे आहेत का?"

"हो."

"तू पण?"

"मी पण."

"बरं," म्हणाला. आणि मग म्हणाला, "तुला ॲसिडिटी होते तिथल्या रश्श्यानं. येताना गोळी घेऊन ये."

बाबा, त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मला चाललं असतं. काल मी डाळ निवडायला घेतली आणि तशीच परत डब्यात ओतली. क्लब तुमचा, मुलगा तुमचा. दोन्ही तुमचेच, मग निवड मला का करायला लावताय? तुम्ही असतात तर काय केलं असतंत? आणि तुम्ही गप्प राहणार, नेहमीसारखे. दोन दिवस झाले, मला कुणाचंच तोंड बघवत नाहीये, आरशातलंसुद्धा.

---

आज सोमवार. रजा टाकलीय. शनिवारी जिथे थांबले होते तिथूनच लिहिते, नाहीतर पुन्हा धीर होणार नाही.

काल आम्ही कमिटीवाले पोचलो तेव्हा दादा आधीच येऊन बसला होता. क्लबाचा ट्रॅकसूट घालून, दाढी करून. मी शेजारी बसले. त्यानं माझ्याकडे हात पुढे केला, मी गोळी दाखवली, त्यानं मान डोलावली. मिसळ आली. पार्किंगच्या गप्पा झाल्या. आणि आमचा पहिला पाव संपतो न संपतो तोच दारातून आपला कॅप्टन आत आला. सॉफ्टवेअर कंपनीत असतो तो, हिंजवडीहून प्रॅक्टिसला धापा टाकत येतो. त्याच्या मागून गोलकीपर, त्याच्या मागून स्टॉपर, तो मार्केट यार्डातल्या हमालाचा मुलगा. मग एकामागून एक सगळा संघ. मी म्हटलं, "अरे, तुम्ही इथे कसे?" कॅप्टन म्हणाला, "ताई, ब्रेकफास्ट. टीम बाँडिंग." आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी आमच्या टेबलाला टेबलं जोडली.

दादानं आदल्या दिवशी कॅप्टनला एवढंच सांगितलं होतं, की सकाळी मला मिसळीला जायचंय, वॉर्मअप तू घे. बाकीचं पोरांनी आपापसात ठरवलं. आता टेबल एकच झालं होतं, आणि टेबलावरच्या सगळ्या ताटल्या रिकाम्या होईपर्यंत बोलायचं नाही, हा आपलाच नियम. तुमच्या लक्षात आलं ना? पोरं खायला लागली. नुसती खायला लागली! एकाची ताटली संपत आली की दुसरा ओरडायचा, "काका, इकडे सॅम्पल!" त्याचं संपत आलं की तिसरा, "दोन पाव!" अध्यक्षांनी मधेच एकदा घसा खाकरून पाहिला, "कसं..." की चार जण एकदम, "सॅम्पल!" अध्यक्ष लालबुंद. म्हणाले, "ही प्रथेची थट्टा चाललीय." कॅप्टन म्हणाला, "छे हो सर, आम्ही तर प्रथा पाळतोय. भूकच खूप लागलीय."

मला हसू आवरत नव्हतं. दादा एकटा म्हणत होता, "अरे, बस करा. दुपारी सामना आहे. पोटं बिघडतील रे." सगळ्या हॉटेलात त्या चार वाजण्याचा विचार करणारा तेवढा एकच माणूस होता, आणि त्यालाच काढायला आम्ही जमलो होतो. कुणी त्याचं ऐकलं नाही. स्टॉपर तर घामाघूम झाला होता, नाक पुसत होता, आणि तरी ताटली पुढे करत होता. दादानं मान खाली घातली आणि पावाचे अगदी बारीक बारीक तुकडे करत बसला. एकही तोंडात घातला नाही.

शेवटी, दुपार व्हायला आली तेव्हा, मालक बाहेर आले. "रस्सा संपला. भांडं घासायला टाकलंय." मग पोरांना काही करता येईना. एकेकाची ताटली रिकामी झाली. दादानंही आपले तुकडे एकदम तोंडात टाकले. कॅप्टननं शेवटची शेव एकेक करून खाल्ली, तीही संपली. अध्यक्षांनी टेबलावरून नजर फिरवली. अजून एका ताटलीत अर्धा पाव होता. ते थांबले. पाच मिनिटं थांबले, दहा मिनिटं थांबले. मग घड्याळ बघून उठले. काही झालं तरी पुण्याचे आहेत. म्हणाले, "नियम म्हणजे नियम. मैदानावर जायला हवं आता. कोच तेच." पोरांनी असा आरडाओरडा केला की रस्त्यावरची माणसं आत डोकावली. आपण वाचलो असंच वाटलं त्या क्षणी. सगळ्यांना वाटलं.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. एवढी तिखट मिसळ खाऊन, उन्हात, चार वाजता. पहिला हाफ पोरांनी रेटला. कुठून आणलं बळ कोण जाणे, पण रेटला, शून्य-शून्य. पायऱ्यांवर फोनवरून बातमी आली, वरचा क्लब हरतोय. मग काय! "ड्रॉ पुरे! नुसता ड्रॉ पुरे!" माणसं उठून ओरडायला लागली. दुसऱ्या हाफमध्ये गोलकीपर सारखा गोलामागे जाऊन पाणी पीत होता. कॅप्टन कुशीवर हात दाबून पळत होता. पळत कसला, चालत होता. राइट बॅक एकदा जो मैदानाबाहेर गेला तो बराच वेळ आलाच नाही. पोस्टमास्तर माझ्या मागे बसले होते. म्हणाले, "दुखापतींनी खाली गेलेले संघ पाहिले, पैशानं गेलेले पाहिले. नाश्त्यानं जाणारा पहिलाच." कुणी हसलं नाही. मी हात जोडून उभी होते, बाबा. या वयात, सगळ्यांसमोर. वेळ संपत आली होती. त्यांना कॉर्नर मिळाला. बॉल आपल्या स्टॉपरच्या बरोबर डोक्यावर आला, रोज प्रॅक्टिसमध्ये येतो तसा, झोपेत काढावा असा. तो पोरगा उडालाच नाही. पोटाशी हात धरून तिथल्या तिथे वाकला. मागच्या त्यांच्या पोरानं डोकं लावलं, बॉल जाळीत.

वरचा क्लबही हरला. म्हणजे नुसता ड्रॉ हवा होता. नुसता ड्रॉ.

आपण खाली गेलो, बाबा. लिहून टाकलं एकदाचं.

कॅप्टन गोललाइनीवर बसून हमसून रडत होता. मला म्हणाला, "ताई, आम्ही सरांसाठीच केलं होतं हो." मी म्हटलं, "माहितीय रे बाळा." दुसरं काय म्हणणार? पायऱ्यांवरची मंडळी एकही टोमणा न मारता उठून गेली, यावरून काय ते समजा. स्टॉपरचा बाप दारात उभा होता, त्यानं पोराच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघं तसेच मार्केट यार्डाकडे चालायला लागले. दादानं एकेक कोन उचलला, जाळी सोडवून घडी घातली, बर्फाच्या पिशव्या पोरांना वाटल्या. मग पायऱ्या चढत गेला आणि सगळ्यात वरच्या पायरीवर, तुमच्या जागी जाऊन बसला. त्याला कुणी "कसं आहे" म्हटलं नव्हतं. कुणी म्हणायची गरजच उरली नाही.

मी जाऊन शेजारी बसले. समोर ॲकॅडमीची माणसं आत्ताच येऊन मैदान बघत होती, बोटानं दाखवत होती, दिवे कुठे लावायचे ते. दादा म्हणाला, "मत काय दिलंस?"

"तुझ्या विरोधात."

"बरोबर दिलंस. मी पण तेच दिलं असतं." मग हसला, "पण काय खात होती गं पोरं!" आणि ते हसू चेहऱ्यावर तसंच ठेवून मला म्हणाला, "घरी संध्याकाळी लोक काय करतात गं?"

बाबा, मला तुमचा रेडिओ आठवला. मी त्याचा हात धरला आणि अंधार पडून वॉचमन येईपर्यंत आम्ही दोघं तिथे बसून राहिलो. मग त्याला घरी आणलं, वरण-भात केला. खाल्ला त्यानं. आज संध्याकाळी पण ये म्हटलंय, उद्या पण ये म्हटलंय. येईल की नाही, माहीत नाही. किती दिवस बोलावणार मी? त्याच्या संध्याकाळी भरायला माझ्याकडे फक्त वरण-भात आहे.

हे पत्र कुठे टाकणार? पेटीत टाकायला पत्ता लागतो. घडी करून तुरीच्या डाळीच्या डब्यात ठेवून देईन, तुम्हीच सांगितलं होतंत, वरणात टाक म्हणून. फक्त एक राहिलं. दादाला मत सांगितलं, हे नाही सांगितलं, कुणालाच नाही. तुम्ही तुमची ताटली पुसून लख्ख केलीत आणि पुढे सरकवलीत. मला नाही जमलं. सगळ्यांच्या ताटल्या रिकाम्या झाल्या, अध्यक्ष थांबले, माझ्याकडे बघत राहिले, आणि मी ॲसिडिटीचं निमित्त करून पदर तोंडाला लावून बसून राहिले. तो अर्धा पाव माझा होता.